कात्रीला पोचवायचं होतं

“मामा, गाडी बंद करा की आता,” जावई तिसऱ्यांदा म्हणाला. “उभ्या उभ्या बॅटरी खातेय ती.”

“आत माणूस आहे,” ड्रायव्हर डिझेल म्हणाला.

“आहे ना, पण त्यांना आता कसली घाई...” एवढं बोलून जावयाने जीभ चावली आणि पायरीकडे बघितलं. पायरीवर सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. पण कालपासून त्यांनी इतक्यांचं इतकं काही ऐकलं होतं, की त्यात हे कुठे धरायचं.

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुलाईखोलीला लागून, पालिकेची शववाहिका उभी होती. पांढरीफेक, गुळगुळीत, विजेवर चालणारी. दोन्ही कुशींवर हिरवं पान रंगवलेलं आणि पानाखाली मोठ्या अक्षरात ‘धूर नाही, आवाज नाही’. आत स्टीलच्या पाटावर वीजखात्यातला एक लाइनमन पडला होता. ज्या वस्त्यांमध्ये तारेवरचे चोरीचे आकडे काढत तो फिरायचा, तिथे त्याचं नाव होतं कात्री. जन्मभर खांबावर चढला, पण खांबावरून पडला नाही की तारेला चिकटला नाही. काल घरात बसून चहा पिताना गेला, हॉस्पिटलात आणला तो नुसता दाखवायला. खात्यातल्या लोकांना त्याच्या जाण्यापेक्षा ह्याचंच नवल जास्त वाटत होतं.

त्याची मुलगी परगावाहून निघाली होती आणि तिची बस वाटेत अडकली होती. हॉस्पिटलचं शवागार दोन दिवस बंद. म्हणून त्याला सकाळीच गाडीत आणून ठेवलं होतं आणि गाडीतलं थंड हवेचं यंत्र तेव्हापासून घरघरत होतं.

“धुलाईखोलीत प्लग आहे, मी बघून आलो,” जावई म्हणाला. तो कामाच्या निमित्ताने आधीच ह्या शहरात होता. “चावी काढायची, वायर लावायची. ही येईपर्यंत निम्मी तरी भरेल. थंड यंत्र त्याच्यावरही चालतं. माझी स्वतःची विजेवरची मोटार आहे हो, मला कळतं त्यातलं.”

“कुठंय तुमची मोटार?”

“घरी.”

“मग तीच घेऊन यायचं.”

“एवढ्या लांब नाही येत ती,” जावई म्हणाला.

शववाहिका चालवणाऱ्यांचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच पाळला जायचा. आत माणूस ठेवला की तो उतरवेपर्यंत गाडी बंद करायची नाही. डिझेलला तो त्याच्या वस्तादाने शिकवला होता आणि वस्तादाकडे त्याला कारण होतं. जुन्या गाडीचा स्टार्टर भरवशाचा नव्हता. एकदा कुणाच्या तरी दारात वस्तादाने इंजिन बंद केलं ते परत लागलंच नाही. मातीला आलेल्या माणसांनी रडता रडता गाडी ढकलली, मेलेल्याचा सख्खा भाऊ त्यात तोंडावर पडला आणि त्याचा पुढचा दात गेला. तेव्हापासून नियम. पुढे कारण विसरलं आणि नियमाला शेंदूर फासला गेला. गाडी बंद पडली की आतला माणूस अडकतो, त्याला वाट सापडत नाही, असं काहीबाही. डिझेलचा त्यावर विश्वास होता का, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पण आजवर त्याने एकाही माणसाला वाटेत ठेवलं नव्हतं. ज्याचं चाललंय त्याने नियम का मोडावा?

डिझेल हे नाव त्याला गॅरेजमध्ये पडलं. नवी गाडी आली, साहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या आणि टाळ्या थांबायच्या आत ह्याने विचारलं, “साहेब, ही चार्जिंगला कुठं लावायची?” साहेब म्हणाले, “ते पुढच्या टप्प्यात आहे.” त्या दिवसापासून, विजेच्या गाडीत खोट काढणारा म्हणून, तो डिझेल. टप्पा अजून यायचाय.

गॅरेजमध्ये आधी चार्जरचा खांब आला, पण मीटर आलं नाही. मीटर आलं तेव्हा कळलं, खांबाच्या वायरचं तोंड दुसऱ्याच जातीच्या गाडीचं आहे. म्हणजे नळ आला, पाणी आलं आणि घागर निघाली बिनतोंडाची. शेवटी टायर ठेवायच्या खोलीतून एक वायर खिडकीतून बाहेर काढली, तिच्यावर शहराची ही शववाहिका रात्रभर दूध पिणाऱ्या वासरासारखी लटकलेली असायची. रात्री वीज गेली की सकाळी मेलेला वाट बघायचा. हॉस्पिटलात चार्जर होता, तो रुग्णवाहिकांना. ते बरोबरच आहे, श्वास चालू असलेला माणूस आधी. एका मॉलच्या तळघरात चार्जर होता. तिथे डिझेल एकदा शहाण्यासारखा रांगेत जाऊन उभा राहिला. पहारेकरी धावत आला. “अहो, इथं लोक सिनेमाला येतात!” “मग? मी काय त्यांना न्यायला आलोय?” डिझेल म्हणाला. त्याला बाहेर काढलं.

अशा दोन गाड्या घेतल्या होत्या. दुसरी एकदा वाटेत थांबली, तिला ट्रकला बांधून ओढलं, तर तिची मोटर जळाली. आता ती कंपनीच्या आवारात कुठलातरी सुटा भाग यायची वाट बघत पडून होती, आणि ह्या गाडीच्या काचेवर लाल अक्षरात चिकटवलं होतं, ‘ओढू नये’. जुनी, धूर ओकणारी गाडी भंगारात गेली. एवढं अवाढव्य शहर, रोज माणसं मरतायत आणि त्यांना न्यायला एक गाडी. तीही मोबाइलसारखी, कोपऱ्यात प्लग शोधत हिंडणारी.

आणि खरा संताप ह्याचा, की गाडी चांगली होती. जुन्या गाडीत धूर आत यायचा, डिझेलला वर्षभर खोकला असायचा, बायको त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि तरी वास जायचा नाही. नवी आली आणि खोकला गेला. बायको म्हणाली, “आता तुमच्या अंगाला कसलाच वास येत नाही हो.” मनापासून शिव्या घालायचं सुखसुद्धा ह्या गाडीने पूर्ण मिळू दिलं नव्हतं.

मुलगी आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. तिने बापाचं तोंड पाहिलं, आईच्या गळ्यात पडली, आणि डिझेल घाई करायला लागला. स्मशानात दिवे नव्हते, दिवस मावळला की तिथला राखणदार फाटकाला साखळी लावायचा. मागे फिरावं तर शवागार बंद. आज पोचायलाच हवं होतं.

गाडी निघाली. मागच्या बाकावर मुलगी आणि जावई, पुढे डिझेलशेजारी कात्रीची बायको. मागून वीजखात्याचा ट्रक, त्यात फोरमन आणि सगळे लाइनमन, धुतलेल्या कपड्यांत, रिकाम्या हातांनी.

“धक्के नाही बसत हो हिच्यात,” बाई म्हणाल्या.

“नाही बसत.”

“बरंय. त्यांची पाठ दुखायची.”

डिझेलने स्टिअरिंगमागच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं. बॅटरीच्या कांड्या भराभर विझत होत्या. बाजार ओलांडला, पूल ओलांडला. स्मशानाचा चढ जिथे सुरू होतो तिथे उजव्या हाताला पत्र्याच्या घरांची वस्ती होती. त्या वस्तीच्या तोंडाशी पडद्यावर एक कासव उगवलं. ह्या गाडीची ही तऱ्हा होती. ताकद संपत आली की ती कासवाचं चित्र दाखवायची. ज्याने कुणी हे चित्र काढलं त्याला वाटलं असेल, ड्रायव्हरला गंमत वाटेल. चढावर चार हात गेल्यावर गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली. डिझेलने ब्रेक दाबून ती कशीबशी खाली सपाटीवर, एका विजेच्या खांबाशेजारी आणली. कासव लुकलुकत होतं.

“मी सकाळपासून सांगत होतो,” मागून जावई म्हणाला.

“गप्प बसा तुम्ही,” मुलगी म्हणाली.

डिझेलने गॅरेजच्या साहेबांना फोन लावला.

“थोडं टॉप-अप करून घे ना कुठंतरी,” साहेब म्हणाले.

“कुठं करू? नळाला लावू?”

“नीट बोल. ॲपवर बघ, जवळचं स्टेशन दाखवतं.”

जावयाने बघितलं. जवळचं स्टेशन म्हणून ॲपने गॅरेजचाच तो मुका खांब दाखवला, वर पाच चांदण्या.

“साहेब, ते तर तुमच्या खिडकीखालचं आहे.”

“मग तू कशाला तेवढी बॅटरी संपवलीस? निघताना भरली नव्हतीस?”

ह्याला उत्तर होतं. भरलेली होती. दिवसभर गाडी चालू ठेवून, हातभर अंतरावर प्लग असताना, त्यानेच ती रिकामी केली होती. ज्या अपघाताला भिऊन वस्तादाने नियम केला, तोच अपघात आज नियमाने घडवून आणला होता. त्याने फोन ठेवला आणि बाईंकडे न बघता म्हणाला, “चूक माझी आहे, ताई. हे सांगत होते ते बरोबर होतं. प्लगला लावायला हवी होती.”

तोवर मागच्या ट्रकमधून फोरमन उतरून आला. जाडजूड माणूस, डोळे सुजलेले, आवाज मात्र नेहमीचा, खांबावरच्या माणसाशी बोलायचा.

“काय झालं रे?”

“संपली.”

“ओढू?”

डिझेलने काचेवरच्या लाल अक्षरांकडे बोट दाखवलं.

“मग ट्रकमध्ये घेऊ. वहिनी, आपला ट्रक आहे. चादर घालतो, सगळे धरून राहतो. पाच मिनिटांत वर.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“वहिनी, दिवस चाललाय.”

“त्या ट्रकमधनं ते रोज जायचे, भाऊजी. आज कामावर नाही चाललेत.”

फोरमनने मान खाली घातली. चढ लांबलचक होता, खांद्यावरून नेण्याजोगा नव्हता. निदान ह्या सगळ्या पन्नाशीच्या गुडघ्यांना तरी नव्हता. जावई हळूच म्हणाला, “साधा पंधरा अँपचा प्लग मिळाला तरी चालेल. अर्ध्या तासात चढापुरतं भरेल.” आणि मग सगळ्यांनी एकदमच मान वर करून खांबाकडे पाहिलं.

“डोकं फिरलंय काय?” फोरमन म्हणाला. कुणी काही म्हटलेलं नसताना म्हणाला. “आकडा टाकू? मी? नोकरी जाईल. आणि वर कोण चढणार? हातमोजे नाहीत, पक्कड नाही, मातीला आलोय आपण. लाइन बंद आहे ती वीजकपातीची, कधी येईल सांगता येतं काय? बिनपरवानगीचं मी कुणाला चढू देणार नाही. आणि वायर कुठंय?”

“वायर माझ्याकडं आहे,” एक बाई म्हणाली.

रस्त्याच्या कडेला, पत्र्याखाली, इस्त्रीचं टेबल होतं. तिथून ती आली होती. हाताला चटक्यांचे जुने डाग, कमरेला खोचलेला पदर. विजेची वाट बघत दुपारभर बसली होती, त्यामुळे सगळं ऐकलं होतं.

“कोण आहे आत?” तिने विचारलं.

“आमचा लाइनमन,” फोरमन म्हणाला.

“नाव नका सांगू, आम्हाला तुमची नावं माहीत नसतात. उंच होता का? खोकत यायचा तो?”

“तोच.”

“कात्री?” इस्त्रीवाली गाडीच्या काचेला नाक लावून आत बघायला लागली. “अगं बाई. ह्यानं माझी वायर किती वेळा नेलीय!”

गाडीत पुढे बसलेल्या बाईंनी दार उघडलं. “तुमची पण नेली का?”

इस्त्रीवालीने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि तिला कळलं. पण शब्द मागे घ्यायची तिला सवय नव्हती. “नेली. खोटं कशाला बोलू? आठवड्याला न्यायचा. पण कोपऱ्यावरनंच खोकायचा. आम्ही समजायचो, इस्त्री बाजूला घ्यायचो. आणि नाव कात्री पडलं तरी कापली कधी नाही हो. गुंडाळून न्यायचा, नीट, साडीसारखी. ह्याच्या आधीचा होता, तो तुकडे करायचा तुकडे.”

“घरी पण तसंच,” बाई म्हणाल्या. “दोरीसुद्धा गुंडाळून ठेवायचे.”

इस्त्रीवाली तडक आत गेली आणि काळ्या वायरींची गुंडाळी, एक लांब बांबू आणि गंजलेले तीन-चार आकडे घेऊन आली. एका लाइनमनने पुढे होऊन बांबू हातात घेतला, वायरला आकडा बांधला, वर उचलला आणि तारेऐवजी खांबाच्या आडव्या पट्टीला अडकवला. मग तो सुटेना. दुसऱ्याने ओढला तर वायर खाली आणि आकडा वरच. खात्यातली एवढी अनुभवी माणसं, पण हात उलट्या कामाचे.

“सोडा, सोडा,” इस्त्रीवाली म्हणाली. “तुम्ही काढणारे. टाकायचं काम आमचं.”

तिने बांबू घेतला, एक पाय मागे टेकला आणि कपडे वाळत घालावेत तशी दोन्ही तारांवर दोन वायरी अडकवून मोकळी झाली. लाइनमन बघत राहिले. एक जण म्हणाला, “बाई, खात्यात या.” ती म्हणाली, “पगार वेळेवर होतो का?”

आता चावी काढायची होती. गाडी बंद झाल्याशिवाय ती चार्ज होत नसे. डिझेलचा हात चावीवर गेला आणि तिथेच राहिला.

“काय झालं?” जावई.

“आत माणूस आहे.”

“मामा, पुन्हा तेच?”

पण बाईंना गॅरेजमधल्या कुणाहीपेक्षा लवकर समजलं. “करा बंद,” त्या म्हणाल्या. “मी आहे इथं. त्यांनी आयुष्यभर लोकांची बंद केली, एकदा त्यांची झाली तर काही होत नाही.”

डिझेलने चावी फिरवली. थंड यंत्राची घरघर थांबली. एवढी शांतता झाली की वस्तीतलं एक भांडं पडलेलं ऐकू आलं. काहीही झालं नाही. कासव तेवढं गेलं.

फोरमन बाजूला जाऊन सबस्टेशनला फोन करत होता. बाजूला म्हणजे काय, त्याचं बोलणं चढावरच्या राखणदारालाही ऐकू गेलं असेल. “हो, वस्तीचा फिडर. माहीतय मला, वीज द्यायचा नंबर संध्याकाळी आहे. अरे पण चालू कर ना... लिही काहीतरी, चाचणी घेतली म्हणून लिही... कोण आहे? आपला भाऊ आहे गाडीत. शववाहिकेत. चढाखाली थांबलीय.” मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. फोन ठेवून म्हणाला, “देतोय. म्हणाला, लोड वाढला तर उडेल, मग मला बोलू नका.”

आणि वीज आली. भर कपातीच्या वेळेला, न सांगता. वस्तीतून एक आनंदाचा गलका उठला. पंखे फिरायला लागले, कुणाचा टीव्ही गायला लागला, पाण्याची मोटर खाकरून सुरू झाली. गाडीच्या चार्जरवर मात्र लाल दिवा लागला.

“अर्थिंग मागतेय,” जावई म्हणाला.

“मागणारच. लाडाची आहे,” फोरमन म्हणाला. त्याने तिसरी वायर खांबाच्या बुडाशी असलेल्या पट्टीला गुंडाळली आणि पाणी मागितलं. इस्त्रीवालीने कपड्यांवर शिंपडायचं पाणी खांबाच्या बुडात ओतलं. लाल दिवा गेला, हिरवा लागला. हिरवा लुकलुकला, पिवळा झाला आणि विझला. वस्तीतले पंखेही रेंगाळायला लागले.

“विजेचा दाब पडला,” फोरमन ओरडला. “सगळी वस्ती एकदम लागलीय त्याच्यावर. आता उडणार! गेलं, संपलं! एकाला नेण्यापुरती वीज नाही ह्या देशात!”

तो खरंच रडकुंडीला आला होता आणि ते लपवायला ओरडत होता. इस्त्रीवालीने त्याच्याकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि वस्तीकडे तोंड करून असा आवाज काढला, की पाण्याची मोटरसुद्धा दचकली असेल.

“ए! बंद करा रे सगळं! पंखे, मोटर, सगळं बंद! गाडी भरायचीय!”

एक उघडाबंब माणूस दारात आला. “का? एरवी आम्ही वीज चोरतो म्हणता, आज आपणहून दिलीय तर वापरू नका म्हणता?”

“कात्री आहे गाडीत. मेलाय.”

“मग बरंच झालं की!”

हे बोलल्यावर त्याला पुढच्या दारात बसलेल्या बाई दिसल्या. त्यांच्या मांडीवर नवऱ्याच्या चपला होत्या. हॉस्पिटलातल्या कुणीतरी सकाळी त्या हातात दिल्या आणि तेव्हापासून कुठे ठेवायच्या ते त्यांना सुचलं नव्हतं. उघड्या माणसाने तोंड मिटलं.

“आमचा पंखा काय फुकटचा आहे?” असं तो तरीही पुटपुटलाच.

“हो, फुकटचाच आहे!” इस्त्रीवाली म्हणाली. “अर्धा तास उकडलं तर मरत नाहीस. आणि मेलास तर ह्याच गाडीतनं जायचंय, तेव्हा ती चढली पाहिजे.”

माणूस आत गेला आणि त्याच्या घरातला पंखा थांबला. मग शेजारचा. टीव्ही अर्ध्या गाण्यात बंद झाला. पाण्याच्या मोटरवाला तेवढा ऐकेना, त्याच्याकडे ती स्वतः गेली. काय बोलली ते कळलं नाही, पण मोटर थांबली. चार्जरवर हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. गाडीतलं थंड यंत्र आपोआप घरघरायला लागलं.

मग कुणालाच काही काम उरलं नाही. उकडत होतं. माणसं घराबाहेर येऊन उंबऱ्यांवर बसली. आत तारांमध्ये वीज होती आणि बाहेर सगळे पुठ्ठ्याने वारा घेत होते. ह्या वस्तीने विजेची इतकी वाट पाहिली होती, की वीज असताना अंधारासारखं बसायचं म्हणजे काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. तरी बसले. मुलगी आईच्या शेजारी येऊन उभी राहिली. इस्त्रीवालीने तिला आपलं स्टूल दिलं. फोरमन खांबाला धरून उभा होता, आकडा पडला तर झेलायला.

डिझेल पडद्याकडे बघत होता. एक कांडी. अर्धी आणखी. सूर्य वस्तीच्या पत्र्यांवर टेकायला आला. “पुरे,” तो म्हणाला. “आता निघतो. चढली तर चढली.”

जावई म्हणाला, “मामा, एसी बंद, दिवे बंद. पाय एकसारखा ठेवा, दाबू नका. मध्ये थांबलात तर परत नाही उचलणार.” आणि डिझेल पहिल्यांदाच म्हणाला, “बरं.”

लाइनमन मागून चालत निघाले. ट्रकही रिकामा, अगदी हळू. वस्तीतली माणसं उठून उभी राहिली. ठरवून नाही, एक उठला म्हणून दुसरा. फोरमनने मागे वळून हाक दिली, “लावा आता पंखे!” कुणी हललं नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत एकाही घरातून आवाज आला नाही.

अर्ध्या चढावर कासव आलं. बाईंनी विचारलं, “हे काय?” डिझेल म्हणाला, “हळू चाललोय असं सांगतेय.” “चालू दे,” बाई म्हणाल्या. माणसाच्या चालीने, कधी त्याच्याही मागे पडत, गाडी वर गेली. राखणदार साखळी हातात घेऊन फाटकाशी उभा होता. त्याने आभाळाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मागून घामाने भिजून आलेल्या माणसांकडे बघितलं आणि साखळी खाली टाकली.

कात्रीला लाइनमननी उतरवलं. डिझेल गाडीपाशीच थांबला. त्याचं काम तिथवरच असायचं. माणसं आत गेली आणि कुंपणाच्या भिंतीशी गाडीचा पडदा काळा झाला. त्याने चावी फिरवून बघितली. काही नाही. इथून गॅरेजपर्यंत उतार होता, पूल होता, बाजार होता, आणि एकही प्लग नव्हता. फोन वाजला.

“गाडी कुठंय?” साहेब.

“स्मशानात.”

“बंद?”

“बंद.”

“अरे, तिथं कशी सोडून येणार? पालिकेची मालमत्ता आहे. तिची जबाबदारी तुझी आहे. तू थांब तिथंच.”

“साहेब,” डिझेल म्हणाला, “इथं जो थांबतो तो कायमचा थांबतो. तुम्हाला न्यायला पाठवू का गाडी? पण गाडी इथंय.” आणि त्याने फोन कापला. उद्या ह्याचं काय होईल ते त्याला ठाऊक होतं. होऊ दे.

सगळं उरकून माणसं बाहेर आली तेव्हा संधिप्रकाश होता. बाई, मुलगी आणि जावई ट्रकच्या पुढच्या भागात ड्रायव्हरशेजारी बसले. त्या चपला आता बाईंच्या हातात नव्हत्या. फोरमनने मागून हाक मारली, “ए डिझेल, काय राखण करतोयस? चल, चढ मागं.”

तो चढला. मागे बसायला जागा नव्हती, उभं राहावं लागायचं. मधोमध खात्याची लांब शिडी आडवी होती आणि दोन्ही अंगांना लाइनमन, प्रत्येक जण ठरल्यासारखा आपापल्या जागी, एकेका पायरीला हात घातलेला. ट्रक उताराला लागला. पहिल्याच वळणावर शिडीचं मागचं टोक उचललं आणि फळीवर आपटलं. पुढच्या वळणावर पुन्हा. सगळ्यांना ऐकू येत होतं, पण रोज कात्री धरायचा त्या टोकाकडे कुणी बघत नव्हतं, आणि तिथे सरकायला कुणी आपली जागा सोडत नव्हतं.

टोक तिसऱ्यांदा आपटलं. डिझेल फळीला धरत धरत मागे गेला आणि त्याने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.